युटाच्या कॅनियनमध्ये सायकल: आधी पाणी, मग रस्ता

रविवारची राईड संपवून गोव्यात साखळी गावाला चहाच्या गाड्यावर बसलो की हल्ली कोणीतरी विचारतंच, तुम्ही ते अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात सायकल मारून आलात ना, तिकडे ट्रॅफिक कसं असतं, आम्हालापण जायचंय. ट्रॅफिकचं सांगते, पण त्याआधी पाण्याचं सांगावं लागतं, कारण तिकडे ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

आपण गोव्यात एक बाटली लावून घरातून निघतो. वाळपईला जा, केपेला जा, दोन-तीन किलोमीटरवर गाडा असतो, देऊळ असतं, नाहीतर कुणाच्यातरी अंगणात विहीर असते आणि हाक मारली तर तांब्या भरून पाणी मिळतं, वर गुळाचा खडा. त्यामुळे पाणी मोजायची सवयच आपल्याला नाही. आता दक्षिण युटाचा विचार करा. ज्या रस्त्याला गाड्या नाहीत त्या रस्त्याला गाड्या का नाहीत? कारण तिथे गाव नाही, दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, कोणाला जायचंच नसतं. जी शांतता आपल्याला हवी असते तीच पाणी काढून घेते. म्हणून मी प्लॅनिंग करताना नकाशावर सगळ्यात आधी पाण्याच्या जागांवर ठिपके मारते, दोन ठिपक्यांमधलं अंतर किती ते बघते, आणि मग रस्ता ठरवते. उलटं करू नका.

रस्ता किती शांत आहे हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. युटाचं वाहतूक खातं, ज्याला तिकडे यूडॉट म्हणतात, प्रत्येक हायवेच्या प्रत्येक तुकड्यावर दिवसाला सरासरी किती गाड्या जातात त्याचा आकडा नकाशावर फुकट देतं, त्याला एएडीटी म्हणतात. हा आकडा वाचायचा कसा ते नीट समजून घ्या. समजा ६०० आहे. रात्री कोणी फारसं जात नाही, तर बहुतेक गाड्या दिवसाच्या १२ तासांत धरा, म्हणजे तासाला ५०, त्यातल्या अर्ध्या समोरून येणार, मागून येऊन तुम्हाला ओव्हरटेक करणाऱ्या तासाला पंचवीसेक. अडीच मिनिटांना एक गाडी. हे छान चालतं, तुम्हाला तुमच्या चेनचा आवाज ऐकू येतो. २००० च्या वर गेलं की मी शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची मोकळी पट्टी, बघते, शोल्डर नसेल तर तो तुकडा गाडीत सायकल टाकून पार करते. मोआब गावातून जाणाऱ्या १९१ नंबरवर आकडा हजारोंमध्ये आहे, ट्रक वेगळे, तो रस्ता सायकलने करायचा हट्ट धरू नका, गावापासून आर्चेस पार्कपर्यंत वेगळा डांबरी सायकल ट्रॅक आहे तो वापरा.

एक मात्र ध्यानात ठेवा, एएडीटी ही वर्षभराची सरासरी. जानेवारीत रिकामा असलेला रस्ता ऑक्टोबरात दुपटीने भरलेला असू शकतो. आणि आकडा गाडी कसली ते सांगत नाही. तिकडे सगळ्यात सांभाळायची गोष्ट म्हणजे भाड्याच्या आरव्ही, घराएवढी गाडी आणि चालवणारा ती आठवड्यापुरती पहिल्यांदा चालवत असतो, आरसे दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. कायद्याने युटात सायकलला तीन फूट, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर जागा सोडून ओव्हरटेक करायचं असतं आणि बहुतेक लोक त्याहून जास्त सोडतात, पण त्या आरव्हीवाल्याला आपल्या आरशाची रुंदी माहीत असेल ह्याची खात्री नाही.

मग कॅलेंडर. एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत, हे दोनच काळ. जून ते ऑगस्ट मोआबला पारा ३८ च्या आसपास किंवा वर जातो, आणि जुलै ते सप्टेंबर तिकडचा पाऊस, त्याला तेसुद्धा मान्सूनच म्हणतात. वसंतात वारा फार असतो, बहुतेक करून नैऋत्येकडून, दुपारी वाढतो, म्हणून एप्रिलमध्ये दिवसाचा रूट दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे असेल तर पहाटेच निघा. मला स्वतःला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आवडतो. फक्त सुट्ट्या टाळा, मे महिन्याचा शेवटचा सोमवार जोडून येणारा वीकेंड, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा वीकेंड, ऑक्टोबरच्या मध्याला युटातल्या शाळांची सुट्टी, आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा मोआबमध्ये, तेव्हा तिथे जीप सफारी असते आणि गाव जीपनी भरून जातं. आपल्याकडे नाताळ ते न्यू इयर कळंगुटच्या रस्त्यावर सायकल घेऊन कोणी शहाणा माणूस जात नाही, तसंच समजा. आणखी एक, छोट्या गावांतली बरीच दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे सामान भरायचा दिवस रविवार येणार नाही असं गणित आधीच करा, आम्ही केलं नव्हतं आणि एक अख्खी संध्याकाळ पीनट बटर आणि क्रॅकरवर काढली.

आता रस्ते. सगळ्यात देखणा म्हणून सगळे १२ नंबर हायवे सांगतात, पँग्विचपासून टोरीपर्यंत जवळजवळ २०० किलोमीटर, आणि देखणा आहेच. एस्कलान्टे आणि बोल्डर ह्या गावांच्या मधे हॉग्सबॅक म्हणून तुकडा आहे, रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना खाली दरी, कठडा नाही, शोल्डर नाही. तिथे सकाळी आठच्या आधी पोचा, आरव्हीवाले तेव्हा कॉफी पीत असतात. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता २९०० मीटरच्या वर चढतो, ऑक्टोबरात तिथे बर्फ पडू शकतं, हा तुकडा १९८५ मध्ये डांबरी झाला. गर्दी आहे पण वेळ साधली तर जमतं.

पण माझं मन बसलं बर ट्रेलवर. बोल्डर गावातून फाटा फुटतो आणि साधारण ५० किलोमीटर डांबरी रस्ता कॅपिटल रीफ नॅशनल पार्कच्या हद्दीपर्यंत जातो, पुढे माती-खडी आणि वळणावळणाचा उतार आहे म्हणून आरपार जाणाऱ्या गाड्या ह्या वाटेला येत नाहीत. लाँग कॅनियनमध्ये शिरलात की दोन्ही बाजूंना लाल भिंती उभ्या, मधून काळा रस्ता, आणि सावली. सावली हा शब्द तिकडे किती मोठा आहे ते तिथे कळतं. जाऊन परत यायचं म्हणजे १०० किलोमीटर, मधे पाणी शून्य, सगळं बोल्डरहून न्यायचं आणि परतीला चढ आहे, म्हणून अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरा असं नको, दोन-पंचमांश संपलं की फिरा.

मोआबच्या बाजूला एक दिवस मोकळा असेल तर २७९ नंबर, पोटॅश रोड. कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने सपाट, कातळावर जुनी चित्रं कोरलेली, शेवटी पोटॅशचा कारखाना म्हणून अधूनमधून ट्रक. झायन नॅशनल पार्कला जाणार असाल तर एकच सांगते, १९३० मध्ये पुरा झालेला तिथला लांब बोगदा सायकलला पूर्ण बंद आहे, चालत ढकलूनसुद्धा नाही, गाडीत सायकल टाकूनच पार व्हावं लागतं, त्याची सोय आधी करा. झायन कॅनियनच्या आतला रस्ता मात्र सीझनमध्ये खाजगी गाड्यांना बंद असतो, फक्त शटल बस आणि सायकली, बस मागून आली की कडेला थांबून तिला जाऊ द्यायचं हा नियम.

आणि मग ९५ नंबर. हँक्सव्हिल ते ब्लँडिंग, १९५ किलोमीटरच्या आसपास, १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा पूर्ण डांबरी झाला म्हणून बायसेन्टेनियल हायवे. ह्याचं मी नीट सांगते कारण पाण्याचं गणित शिकायला ह्याच्यासारखा रस्ता नाही. हँक्सव्हिलला दुकान, पंप सगळं आहे. तिथून ७५-८० किलोमीटरवर हाइट, कोलोरॅडो नदीवरचा पूल. तिथून पुन्हा तेवढ्याच अंतरावर, हायवेपासून थोडं आत, नॅचरल ब्रिजेस हे पार्क, आणि तिथून ६५-७० वर ब्लँडिंग. खात्रीने पाणी मिळेल अशी मधली जागा म्हणजे नॅचरल ब्रिजेसचं व्हिजिटर सेंटर. हाइटला छोटं दुकान आहे पण ते सीझनप्रमाणे चालतं, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि हो म्हणाले तरी नाही धरूनच पाणी घ्या. नदी दिसते, भरपूर दिसते, पण तिचं पाणी इतकं गढूळ की फिल्टर दहा मिनिटांत तुंबतो. अगदीच वेळ आली तर भांड्यात रात्रभर ठेवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी फिल्टर करायचं.

हाइट साधारण १२०० मीटरवर आणि नॅचरल ब्रिजेस १९८० वर. म्हणजे केरीहून चोर्ला घाट चढल्यावर जितकी उंची मिळते जवळजवळ तितकीच, पण ती ७५ किलोमीटरवर पसरलेली. डोळ्यांना चढ दिसत नाही, पाय मात्र दिवसभर सांगत असतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी माणशी चार लिटर धरलं होतं. पहिले दोन तास मी खूश, घाम नाही, जर्सी कोरडी, म्हटलं गोव्यापेक्षा सोपं आहे. इथेच चूक झाली. आपल्याकडे मे महिन्यात घाम अंगावरून निथळतो म्हणून किती गेला ते कळतं, तिकडे हवा इतकी कोरडी की घाम यायच्या आत उडून जातो. अकराच्या सुमाराला मैत्रिणीने माझ्या पाठीकडे बघून विचारलं, हे पांढरं काय लागलंय? काळ्या जर्सीवर मिठागराच्या कडेला येते तशी मिठाची रेघ, खांद्यापासून कमरेपर्यंत. व्हाइट कॅनियनच्या काठाने रस्ता जातो तिथे कुठेतरी माझ्याकडे अर्धा लिटर उरलं आणि अजून तीसेक किलोमीटर होते. तोंडात पाणी धरून ठेवत, गिळत नाही असं करत मी पाऊण तास चालवली. एका म्हाताऱ्या जोडप्याने गाडी थांबवली, काही न विचारता मागचं झाकण उघडून एक गॅलनचा कॅन दिला. त्या दिवशी आमच्या दिशेने जाणाऱ्या किती गाड्या भेटल्या होत्या तर सकाळपासून अकरा. बारावी आली म्हणून ठीक.

तेव्हापासूनचा माझा हिशोब असा. अंतराने नाही, तासाने मोजायचं. सामानासकट आणि चढासकट माझा वेग ताशी १४-१५ पडतो, ७८ किलोमीटर म्हणजे साडेपाच तास, थांबे धरून सात. थंड दिवशी तासाला पाऊण लिटर, ऊन असेल तर एक. म्हणजे सव्वापाच ते सात लिटर, त्यावर दोन लिटर जे हातच लावायचे नाहीत, पंक्चर, वारा, आजारी पडलेला सोबती ह्यांच्यासाठी. मुक्कामाच्या जागी पाणी नसेल तर स्वयंपाक आणि सकाळसाठी आणखी तीन. एवढं वजन फ्रेमच्या बॅगेत आणि खाली फोर्कवर बांधायचं, पाठीवर नाही. नुसतं पाणी पिऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस पाणी पिऊन पिऊनसुद्धा आजारी पडतो, डोकं दुखतं, मळमळतं, आणि तो आणखी पाणी पितो. दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस, आणि खारे शेंगदाणे खिशात. आपल्याकडे ताप आला की पेजेत मीठ आणि लोणच्याची फोड देतात त्यामागे हेच आहे. खायचे पदार्थ घरून नेणार असाल तर विमानतळावर कस्टमच्या फॉर्ममध्ये लिहा, लपवू नका.

चौघं असाल तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एक व्हॅन भाड्याने घ्या आणि आळीपाळीने एकेक दिवस एकाने चालवायची. ती व्हॅन २५-३० किलोमीटरवर थांबून राहील, पाणी तिच्यात. मी दुसऱ्या वेळी असंच केलं आणि मला त्यात कमीपणा वाटला नाही.

सायकलचं आता. गाड्या तिकडे उजवीकडून चालतात, म्हणजे ओव्हरटेक करणारी गाडी तुमच्या डाव्या बाजूने येणार, आरसा डावीकडे लावा, हे इथूनच लावून आठवडाभर सवय करा. तिथे सायकल भाड्याने घेणार असाल तर ब्रेक तपासा, आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडे उजव्या हाताला मागचा. उतारावर घाबरून दाबला की फरक कळतो, तेव्हा कळून उपयोग नाही. डांबर म्हणाल तर बरेच रस्ते चिपसीलचे, म्हणजे डांबर ओतून त्यावर खडी पसरून दाबलेली, खरखरीत, हात बधीर करणारी. ३२ ते ३८ मिलिमीटरचे टायर लावा आणि हवा कमी ठेवा. रस्त्यात आडवे लोखंडी पाईप टाकलेले असतात गुरं ओलांडून जाऊ नयेत म्हणून, ते सरळ काटकोनात पार करा, तिरके गेलात तर चाक अडकतं. गुरं कुंपणाविना फिरत असतातच, त्याची आपल्याला सवय आहे.

पंक्चरची एक गोष्ट सांगायलाच हवी. मोआबला पहिल्याच दिवशी रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून फोटो काढला आणि दहा मिनिटांत दोन्ही चाकं बसली. टायर हातात घेऊन बघते तर तपकिरी, दोन शिंगांचा काटा रुतलेला, एक नाही सात. तिकडे त्याला गोटहेड म्हणतात, बकरीचं डोकं, दिसतोही तसाच. मी बघितला आणि ओळखला. माझं आजोळ विजापूरच्या बाजूला, लहानपणी तिथे शेतातून अनवाणी येताना हाच काटा पायात जायचा. सराटा! वैद्यांचं गोखरू ते हेच. मूळ आपल्या बाजूच्या जगातलं झाड आणि तिकडे जाऊन माजलंय. जमिनीला चिकटून पसरतं, पिवळं बारीक फूल, रस्त्याच्या कडेला आणि पार्किंगच्या मातीत. म्हणून सायकल कडेच्या गवतात ढकलत नेऊ नका, उचलून न्या, थांबलात की दोन्ही टायरवरून हातमोजा घालून हात फिरवा. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, भरपूर घाला, कोरड्या हवेत ते लवकर सुकतं, महिन्याभरापूर्वी भरलेलं असेल तर नव्याने घाला. आणि काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका, हवा जात नसेल तर गावात पोचेपर्यंत राहू द्या.

पुराचं थोडक्यात पण गंभीरपणे. आपल्याकडे पूर यायच्या आधी पाऊस आपल्याच डोक्यावर पडत असतो. तिकडे वर निळं आकाश आणि ३०-४० किलोमीटरवर कातळावर पाऊस कोसळला तरी कोरड्या ओढ्यातून, ज्याला वॉश म्हणतात, चिखल आणि ओंडके घेऊन पाणी येतं. वॉशमध्ये तंबू नाही, जेवायलासुद्धा थांबायचं नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा, ते तासा-दोन तासांत ओसरतं, सायकल खांद्यावर घेऊन ओलांडायला जाऊ नका. नॅशनल वेदर सर्व्हिस रोज पुराच्या शक्यतेचा अंदाज देते, सकाळी रेंज असताना तो बघून मगच निघा. ९५ वर बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा आणि सॅटेलाईटवरून मेसेज जाईल असं काहीतरी जवळ हवंच, गार्मिनचं इनरीच असेल किंवा आयफोन १४ च्या पुढचा फोन.

तयारी गोव्यात होते का? होते. चढासाठी चोर्ला आहेच, पण शनिवार-रविवार नको, बेळगावच्या गाड्या खूप, मधल्या वारी पहाटे साडेपाचला केरीतून निघा. पाण्यासाठी मी असं करायला लावते: वाळपई-सुर्ला किंवा रिवण-नेत्रावळी बाजूला ८० किलोमीटरचा रूट आखा, सगळं पाणी घरून भरून घ्या आणि वाटेत एक थेंबही विकत किंवा मागून घ्यायचा नाही, शहाळं समोर दिसलं तरी नाही. घरी आल्यावर उरलेलं मोजा. आठ लिटर बांधलेली सायकल वळणावर कशी वागते हेसुद्धा त्यातच समजतं. कोरड्या हवेची आणि लाल कातळाची ओळख हवी असेल तर डिसेंबर-जानेवारीत बादामी करा, रेल्वेने हुबळी आणि पुढे गदगमार्गे बादामी, मग बादामी-पट्टदकल-ऐहोळे तीसपस्तीस किलोमीटर, आतल्या रस्त्यांना ट्रॅफिक कमी. तोच वाळूचा दगड, तीच दुपार.

ऑक्टोबरच्या मध्याला तिकडे सूर्य साडेसातला उगवतो आणि पावणेसातच्या आत मावळतो, पहाटे पाच-सहा डिग्री असतं. आपली बोटं त्याला सरावलेली नाहीत, पूर्ण हातमोजे आणि कानटोपी न्याच, दहा वाजता काढून बॅगेत टाका.

९५ तीन दिवसांत करा. पहिला दिवस हाइट. सुरुवातीच्या ४० किलोमीटरवर २७६ चा फाटा आहे, लेक पॉवेलला बोटी ओढून नेणाऱ्या गाड्या तिथे वळतात, म्हणून शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार दुपार ह्या तुकड्यावर नको. फाटा मागे पडला की रस्ता तुमचा. दुसरा दिवस सगळ्यात लांब वाटेल, नॅचरल ब्रिजेसला तंबूच्या फक्त १३ जागा आहेत, आधी येईल त्याला, म्हणून दुपारी तीनच्या आत पोचा आणि व्हिजिटर सेंटर बंद व्हायच्या आत पाणी भरा, तंबूच्या जागी नळ नाही. तिथला १४ किलोमीटरचा एकेरी गोल रस्ता संध्याकाळी रिकाम्या सायकलवर करा, तीन नैसर्गिक कमानी वरून दिसतात. रात्री झोपायची घाई करू नका, जगातलं पहिलं इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क हेच, २००७ मध्ये जाहीर झालं, आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसते आणि आपल्याकडे सत्तरीच्या रानातसुद्धा मी इतक्या चांदण्या बघितल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी थोडं चढून सॅल्व्हेशन नॉलपाशी थांबा, १८७९ च्या नाताळच्या दिवशी वाट चुकलेले चार मॉर्मन (तिकडच्या एका ख्रिस्ती पंथाचे) वाटाडे ह्या टेकाडावर चढले आणि इथूनच त्यांना ओळखीचा डोंगर दिसला. मग उतार, मग कोम्ब वॉश, आणि समोर कोम्ब रिज, अख्खी भिंत कापून काढलेला रस्ता, शेवटचा जोराचा चढ तोच. त्याच्यासाठी दीड लिटर राखून ठेवा. ब्लँडिंगला पोचलात की दुकानात शिरायच्या आधी सगळ्या बाटल्या काढून उरलेलं पाणी मोजा आणि तारीख, तापमान, तास ह्यांच्यासोबत वहीत लिहून ठेवा, पुढच्या ट्रिपचा तासाला किती लिटर हा आकडा त्यातूनच निघतो.